ऋतू ओळखा, ताट भरा : कमी खर्चात घरचा सकस आहार

महागाई वाढली की प्रत्येक कुटुंब आपापल्या परीने खर्चाला कात्री लावते. घराच्या कर्जाचा हप्ता, मुलांची फी, विजेचे बिल, लोकलचा पास, वडीलधाऱ्यांची औषधे या खर्चांना हात लावता येत नाही. मग कात्री फिरते ती स्वयंपाकघरावर. भाजीची एक जुडी कमी येते, डाळीत पाणी वाढते, आठवड्यातून दोनदा येणारी मासळी एकदाच येते आणि फळ केवळ आजारी माणसासाठी उरते. त्याच घरात चहाबरोबरची बिस्किटे, मुलांच्या हातातील वेफर्सची पाकिटे आणि बाटलीतील गोड पेये मात्र चालूच राहतात, कारण दहा-वीस रुपयांचा खर्च हा आपल्याला खर्च वाटत नाही.

अशी बचत फार काळ टिकत नाही. आज ताटातून काढून घेतलेले उद्या दवाखान्यात भरावे लागते. यावर उपाय कोणता? तो एका वाक्यात सांगता येईल : ताटातले कमी करू नका, ताटातले बदला. आणि काय बदलायचे हे ठरविण्यासाठी ऋतूकडे पाहा. ज्या महिन्यात जे विपुल पिकते तेच त्या महिन्यात स्वस्त असते, ताजे असते आणि बहुधा त्या दिवसांतील शरीराची गरजही तेच भागविते. आपला वसई-पालघरचा पट्टा या बाबतीत भाग्यवान आहे. पश्चिमेला समुद्र, मधल्या भागात वाड्या आणि भातखाचरे, पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर. इमारती वाढल्या, वाड्या आक्रसल्या, पुष्कळशी भाजी आता बाहेरून ट्रकने येते, हे खरेच. तरीही स्टेशनबाहेर आणि गावच्या बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बायकांकडे ऋतू अजून नेमाने येतो. तो ओळखता आला पाहिजे.

तूट कोणाच्या वाट्याला येते?

बचतीचा विचार करण्यापूर्वी एका कटू वास्तवाकडे पाहिले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत हे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. म्हणजे साधारणपणे दोनांपैकी एक स्त्री आणि तिघांपैकी दोन मुले. थकवा, धाप, चक्कर, अभ्यासात लक्ष न लागणे, बाळंतपणातील धोके यांमागे पुष्कळदा हे एकच कारण असते.

या आकड्यांमागे आपल्या घरांतील वाढपाची रीतही आहे. आधी मुले, मग कामावर जाणारे, मग वृद्ध आणि सर्वांत शेवटी स्वयंपाक करणारी. भाजी मुबलक असेल तेव्हा या क्रमाने काही बिघडत नाही. भाजी कमी आली की तिच्या ताटात भात, डाळीचे वरचे पाणी आणि लोणचे एवढेच उरते. घरखर्चात केलेली कपात अशा रीतीने घरातील एकाच व्यक्तीच्या अंगावरून वसूल होते आणि ती व्यक्ती कधी तक्रार करीत नाही.

म्हणून काटकसरीचा पहिला नियम बाजारातला नसून घरातला आहे : भाजी, कडधान्य आणि मासळी यांचे वाटे जेवण वाढण्यापूर्वीच सर्वांसाठी सारखे काढून ठेवावेत, अथवा सर्वांनी एकत्र जेवायला बसावे. यासाठी एक रुपयाही लागत नाही. ज्यांना रक्तक्षयाचे निदान झाले आहे त्यांनी केवळ आहारावर विसंबून न राहता डॉक्टरांनी अथवा सरकारी आरोग्य केंद्राने दिलेल्या लोहाच्या गोळ्या नेमाने घ्याव्यात.

हंगामी माल स्वस्त का असतो?

पालेभाजी आणि फळे नाशवंत असतात. हंगामात सर्वांच्या शेतात एकदमच माल तयार होतो आणि तो त्याच दोन-तीन दिवसांत विकावा लागतो. म्हणून भाव उतरतो. हंगाम नसताना तोच माल दूरच्या प्रदेशातून आणावा लागतो किंवा शीतगृहातून काढावा लागतो. वाहतूक, हमाली, वीज आणि वाटेत होणारी नासाडी हा सारा खर्च मग आपल्या पिशवीत येऊन पडतो. पोषणाचेही तसेच आहे. क जीवनसत्त्वासारखे नाजूक घटक काढणीनंतर दिवसागणिक कमी होत जातात. सकाळी वाडीतून निघून दुपारी शिजलेली चवळीची पाने आणि चार दिवस प्रवास केलेली कोमेजलेली जुडी यांत केवळ चवीचाच फरक नसतो.

२०२३ च्या जुलै महिन्यात देशातील अनेक शहरांत टोमॅटोचा किरकोळ भाव किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला होता. त्या दिवसांत अनेक घरांत टोमॅटोविना स्वयंपाक करायचा कसा, अशी चिंता पसरली. वास्तविक कोकणातल्या स्वयंपाकघराने आंबटपणासाठी टोमॅटोवर कधी भिस्त ठेवली नव्हती. चिंच, आमसूल, कैरी, आंबट चुका आणि ताक यांवर येथील कालवण आणि आमटी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. टोमॅटो महागला म्हणजे अर्धा किलोऐवजी पाव किलो घेणे हा कमी करण्याचा मार्ग. चार आमसुले टाकणे हा बदलण्याचा मार्ग. पुढे जे सांगितले आहे ते सारे या एका उदाहरणाचा विस्तार आहे.

पावसाळा : रानाची भाजी, डब्यातील मासळी

कमी उत्पन्नाच्या घराला सर्वांत अवघड ऋतू पावसाळा. बाहेरून येणाऱ्या पालेभाज्या महागतात आणि लवकर सडतात. जून-जुलैमध्ये माशांच्या प्रजननाचा काळ म्हणून यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्यामुळे ताजी मासळी दुर्मीळ व महाग होते. पण याच दिवसांत डोंगरउतारावर आणि बांधावर फुकट उगवणारे अन्न तयार होते.

पहिल्या सरींच्या सुमारास शेवळे येतात. पाठोपाठ टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, कंटोली आणि बांबूचे कोवळे कोंब. आदिवासी भगिनी पहाटे रानातून त्या खुडून आणतात. या भाज्यांना खत नाही, फवारणी नाही आणि शीतगृहाचा खर्च नाही. टाकळ्याची केवळ कोवळी पाने घ्यावीत. उकडून, पिळून, कांदा आणि चणाडाळ घालून भाजी केली म्हणजे कडवटपणा जातो. शेवळे घशाला खवखवतात, म्हणून ती त्यांच्याबरोबर विकायला येणारी काकडे अथवा चिंच-आमसूल घालून आणि पूर्ण शिजवूनच खावीत. अळूलाही हाच नियम. एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी : ओळख नसलेली पाने स्वतःहून खुडू नयेत. ज्यांना त्या भाज्यांची पिढीजात ओळख आहे त्यांच्याकडूनच घ्याव्यात आणि कशा शिजवायच्या हेही विचारून घ्यावे. चार कोसांवरून भिजत आलेल्या त्या बाईशी पाच रुपयांसाठी घासाघीस करू नये. भाजीबरोबर तिचे ज्ञानही आपण घेत असतो. कंटोली पुष्कळदा महाग पडतात, त्यांचा हट्ट धरण्याचे कारण नाही. शिराळी, घोसाळी, पडवळ, दुधी, काकडी आणि लाल भोपळा याच ऋतूचे आणि बेताच्या भावाचे असतात.

ताज्या मासळीची जागा सुकी मासळी घेते. बोंबील, जवळा, करंदी, सोडे यांची बेगमी उन्हाळ्यातच करावी, कारण पावसात त्यांचेही भाव चढतात. ताज्या बोंबलात बहुतांश पाणीच असते. ते उन्हात निघून गेले की उरणाऱ्या सुक्या बोंबलाच्या वजनात निम्म्याहून अधिक प्रथिने असतात. म्हणून मूठभर सुक्या जवळ्याने चार माणसांची वांग्याची अथवा भोपळ्याची भाजी सकस होते. खारवलेल्या मासळीत मीठ फार असते. ती कोमट पाण्यात भिजवून, दोन-तीनदा धुऊन घ्यावी आणि कालवणात वरून मीठ घालू नये. रक्तदाबाचा विकार असलेल्यांनी खारी मासळी बेतानेच खावी.

सुगी आणि हिवाळा : स्वस्ताईचे चार महिने

भातकापणी सुरू झाली की स्वयंपाकघराचे चांगले दिवस येतात. आपल्याकडील ईस्ट इंडियन समाज ऑक्टोबरच्या आरंभी ‘आगेरा’ हा सुगीचा सण साजरा करतो, तो नव्या भाताच्या कृतज्ञतेपोटीच. भात निघाल्यावर खाचरांत उरलेल्या ओलीवर कोकणात वाल पेरला जातो. त्याला वेगळे पाणी फारसे द्यावे लागत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात मेथी, पालक, माठ, चवळी, मुळा, चाकवत, शेपू, हरभऱ्याचा पाला, वालपापडी, तुरीच्या शेंगा, मटार, गाजर, नवलकोल अशी रेलचेल असते. अशा वेळी रोज एक पालेभाजी हा नियमच करावा. मुळा घेतला तर त्याचा पाला टाकू नये. कांदा आणि मूगडाळ घालून त्याची उत्तम भाजी होते. फ्लॉवरची कोवळी पाने आणि बिटाचा पाला यांचेही तसेच. एका पैशात दोन भाज्या मिळतात. रताळी, कोनफळ, करांदे हे कंद उकडून मुलांना संध्याकाळी दिले तर बिस्किटांच्या पुड्याची आठवण होत नाही.

फळांच्या बाबतीत आपल्या मनात एक गैरसमज घट्ट बसला आहे. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण सफरचंदे नेतो. १०० ग्रॅम सफरचंदात क जीवनसत्त्व दहा मिलीग्रॅमही नसते. तेवढ्याच पेरूत ते सुमारे दोनशे मिलीग्रॅम असते आणि आवळ्यात त्याहूनही अधिक. पेरू, आवळा, बोरे, पपई, चिकू आणि आपली वेलची केळी ही गरीबाची नव्हे तर शहाण्याची फळे आहेत. आवळे स्वस्त असताना किसून, मीठ लावून वाळवून ठेवावेत. राजेळी केळी उन्हात सुकवून केलेली वसईची सुकेळी हीदेखील याच शहाणपणाची देणगी आहे. त्यात साखर घालावी लागत नाही.

पाऊस संपून मासेमारी सुरू झाली की ताजे बोंबील, बांगडे, तारली, मांदेली, करंदी बाजारात येतात. पाहुण्यांसाठी सुरमई-पापलेट ठीक आहे, पण रोजच्या आहारासाठी बांगडा आणि तारली कोणत्याही अर्थाने कमी नाहीत. हृदयाला हितकारक समजली जाणारी ओमेगा-३ मेदाम्ले या तेलकट मासळीत भरपूर असतात. मांदेलीसारखी लहान मासळी कुरकुरीत भाजून काट्यासकट खाल्ली तर कॅल्शियमही मिळते.

उन्हाळा : रानमेवा आणि आगोटीची बेगमी

मार्चनंतर पालेभाज्या रोडावतात. अशा वेळी परसातील शेवगा उपयोगी पडतो. आपण शेंगा खातो आणि पाला झाडावरच सोडतो. १०० ग्रॅम शेवग्याच्या पाल्यात तीनशे मिलीग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, तर तेवढ्याच गाईच्या दुधात सुमारे १२० मिलीग्रॅम. दूध बंद करावे असा याचा अर्थ नाही. पण ज्यांना प्रत्येकाला पेलाभर दूध परवडत नाही त्यांच्यासाठी हा फार मोठा आधार आहे. कोवळा पाला भाजीत, आमटीत, भाकरीच्या पिठात किंवा आंबोळीत सहज मिसळता येतो. सोसायटीच्या आवारात एक शेवगा लावला तर दहा घरांची सोय होते.

कच्च्या फणसाची भाजी, फणसाच्या आठळ्या, कैरी, करवंदे, जांभळे, ताडगोळे, कलिंगड हा उन्हाळ्याचा मेवा. विकतच्या थंड पेयांऐवजी कैरीचे पन्हे, कोकम सरबत, ताक किंवा नाचणीची आंबील घरी करावी. आंबा मनसोक्त खावा, पण मधुमेह असलेल्यांनी प्रमाण सांभाळावे.

उन्हाळ्याचे खरे काम मात्र साठवणीचे. जुन्या घरांतून आगोट जवळ आली की एप्रिल-मेमध्ये अंगण भरून जात असे : बाटली मसाला कुटला जाई, चिंच मीठ लावून मडक्यात भरली जाई, आमसुले आणि आठळ्या वाळत, सुकी मासळी पुन्हा एकदा ऊन खाई, वाल-कुळीथ निवडून ठेवले जात. आज फ्लॅटमध्ये अंगण नाही, पण गॅलरीतील दोन ताटल्यांचे ऊन पुरते. वर्षाचे सामान एकदम भरण्याइतके पैसे हाती नसतील तर चार-पाच कुटुंबांनी मिळून एक पोते कडधान्य, एक गोणी कांदे अथवा घाऊक दराने मिरची घ्यावी आणि वाटून घ्यावी. महिला मंडळे आणि बचत गट यांनी हे काम अंगावर घेतले तर प्रत्येक घराचा पावसाळा हलका होईल.

कडधान्ये आणि नाचणी : स्वस्त बळ

प्रथिने म्हटले की मटण-चिकन डोळ्यांपुढे येते. तथापि मूग, मटकी, चवळी, वाल, कुळीथ, मसूर यांत शंभर ग्रॅममागे वीस ग्रॅमहून अधिक आणि शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. भात किंवा भाकरी यांच्याबरोबर कडधान्य खाल्ले म्हणजे एकात उणे असलेले घटक दुसरे भरून काढते. म्हणूनच आपला वरणभात आणि आमटी-भाकरी ही जोडी शास्त्राला धरून आहे. मात्र वरण चमच्याने वाढण्याइतके दाट हवे. अंड्यातूनही सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रथिने मिळतात.

मोड आणण्याला खर्च नाही, थोडी आठवण लागते. रात्री कडधान्य भिजत घालावे, सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधावे, दुसऱ्या दिवशी मोड तयार. मोड आले की क जीवनसत्त्व वाढते आणि धान्यातील लोह शरीराला अधिक सहजपणे घेता येते. वालाचे बिरडे, कुळथाचे पिठले, मटकीची उसळ हे मांसाहाराची जागा आठवड्यातून तीन-चार दिवस सहज घेऊ शकतात.

धान्यांमध्ये नाचणीला पुन्हा मान द्यायला हवा. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, पण आपल्या डोंगरपट्टीत नाचणी कधी परकी नव्हती. १०० ग्रॅम नाचणीत ३४० ते ३६० मिलीग्रॅम कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात ते दहाच्या आसपास. वाढत्या मुलांना, गरोदर मातांना आणि वृद्धांना नाचणीची भाकरी, पेज किंवा आंबील आठवड्यातून तीन-चारदा द्यावी. रंगीत डब्यातील महागड्या पौष्टिक पावडरी घेण्यापूर्वी हा पर्याय करून पाहावा. तांदूळ शक्य तर उकडा किंवा कमी पॉलिशचा घ्यावा.

बाजारातील हिशेब

जागतिक आरोग्य संघटना दररोज किमान ४०० ग्रॅम भाज्या व फळे खावीत असे सांगते. यात बटाटा आणि रताळी धरलेली नाहीत. चार मोठ्या माणसांच्या घराला म्हणजे दिवसाला सुमारे १ किलो ६०० ग्रॅम. आपल्या घरात आठवड्याला किती भाजी येते हे एकदा वजन करून पाहावे. पुष्कळांना आश्चर्य वाटेल. हे प्रमाण परवडावे म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) काय करायचे हे घरी ठरवून बाजारात जाऊ नये. “एक पालेभाजी, एक फळभाजी, एक शेंग” एवढेच ठरवावे. कोणती, ते त्या दिवशीचा ढीग पाहून ठरवावे. ज्याचा ढीग मोठा ते हंगामातले.

२) भाव किलोचा पाहू नये, खाण्याजोग्या भागाचा पाहावा. मटाराच्या शेंगांतून निम्म्याच्या आसपास दाणे निघतात. म्हणजे दाण्यांचा खरा भाव जवळजवळ दुप्पट. लाल भोपळ्याची वा दुधीची साल आणि बियासुद्धा चटणीत जातात.

३) पालेभाजी दोन दिवसांपुरतीच घ्यावी. स्वस्त म्हणून चार जुड्या घेऊन दोन टाकल्या तर ती महागच पडली. कांदे, बटाटे, भोपळा, सुरण एकदम घ्यायला हरकत नाही.

४) महिनाभर बिस्किटे, वेफर्स, फरसाण, गोड पेये आणि झटपट शेवया यांचा खर्च एका वहीत वेगळा लिहावा. महिनाअखेरीस ती बेरीज आणि फळांच्या खर्चाची बेरीज शेजारी मांडावी. उपदेशापेक्षा हे दोन आकडे अधिक काम करतील.

५) तेल एका माणसामागे महिन्याला अर्धा-पाऊण लिटरपेक्षा अधिक लागू नये आणि मीठ दिवसाला एका लहान चमच्याच्या आत असावे. दोन्हींत आरोग्य आणि पैसा दोहोंची बचत आहे.

शिजविताना

विकत आणलेले पोषण चुलीपर्यंत पोहोचता-पोहोचता पुष्कळदा वाया जाते. भाजी चिरण्यापूर्वी धुवावी, चिरून पाण्यात ठेवू नये. झाकण ठेवून थोड्या पाण्यात शिजवावी; उरलेले पाणी आमटीत घालावे. तांदूळ फार चोळून धुऊ नये. पालेभाजी, मोड आलेले कडधान्य किंवा नाचणी यांबरोबर लिंबू, आवळा अथवा पेरूची फोड असावी. त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. याच्या उलट परिणाम चहा-कॉफीचा होतो. म्हणून जेवणाच्या आधी व नंतर निदान एक तास चहा टाळावा. सकाळी उठून नुसता चहा आणि दोन बिस्किटे खाऊन स्टेशनकडे धावणाऱ्या भगिनींनी याचा विशेष विचार करावा. रात्रीची भाकरी, एक केळे आणि मूठभर शेंगदाणे एवढी न्याहरीसुद्धा पुष्कळ बरी.

पावसाळ्यातील एका आठवड्याचे ताट नमुन्यादाखल असे मांडता येईल. सोमवारी टाकळ्याची भाजी, दाट वरण, भात आणि लिंबू. मंगळवारी मटकीची उसळ, नाचणीची भाकरी, काकडी. बुधवारी भोपळ्यात सुका जवळा आणि भात. गुरुवारी अळूचे फतफते शेंगदाणे घालून, भाकरी, ताक. शुक्रवारी वालाचे बिरडे, भात, शिराळ्याच्या सालींची चटणी. शनिवारी अंड्याचे कालवण आणि दुधीची भाजी. रविवारी कोंबडी, पण पाव किलो मांस कमी आणून त्यात फणसाच्या आठळ्या किंवा सुरण घालावे. रोज एक केळे अथवा त्या आठवड्यात स्वस्त असलेले फळ. या ताटात महाग असे काही नाही आणि उणे असेही काही नाही.

उपवासकाळ आणि उरलेले अन्न

आपल्या उपवासकाळात, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान, शुक्रवारी मांसवर्जन केले जाते. नेमका याच सुमारास नवा वाल, नवी तूर, नवे हरभरे बाजारात येतात. मांसाऐवजी त्याहून महागडी मासळी आणून शुक्रवार साजरा केला तर नियम पाळला जातो, हेतू मात्र निसटतो. त्या दिवशी पेज, बिरडे आणि पालेभाजी असे साधे जेवण करून वाचलेले पैसे शेजारच्या अडलेल्या कुटुंबाच्या रेशनसाठी द्यावेत, ही जुन्या पिढीची रीत आहारशास्त्राच्या कसोटीवरही उतरते. उपवास म्हणजे दिवसभर चहा पिणे नव्हे, हेही जाता जाता सांगायला हवे. गरोदर माता, आजारी आणि रक्तक्षय असलेल्या भगिनींनी उपाशी राहू नये.

वाया जाणाऱ्या अन्नाचाही विचार करावा. ५ जून २०१३ रोजी, जागतिक पर्यावरण दिनी, पोप फ्रान्सिस यांनी फेकून दिलेले अन्न म्हणजे गरिबाच्या ताटातून चोरलेले अन्न होय, अशा आशयाचे उद्गार काढले होते. लग्नाच्या मांडवात हे आपल्याला चटकन दिसते; रोजच्या फ्रिजमध्ये दिसत नाही. आठवड्यातून एक दिवस “उरल्यासुरल्याचा दिवस” म्हणून ठेवावा. शिळ्या भाताचे आंबोळीत, भाकरीचे कुस्करून फोडणीत, भाज्यांचे थालीपिठात रूपांतर करावे आणि त्या दिवशी नवे काही विकत आणू नये.

हे सारे एकाच दिवशी अमलात आणणे कोणालाही शक्य नाही, आणि तशी गरजही नाही. येत्या रविवारी मिस्साहून परतताना बाजारात पाच मिनिटे अधिक थांबावे. ज्या भाजीचे नाव मुलांना ठाऊक नाही अशी हंगामातील एक जुडी घ्यावी, विकणाऱ्या बाईला ती कशी करायची ते विचारावे आणि घरातील आजीला तिची पद्धत विचारावी. दोन्ही पद्धती वहीत लिहून ठेवाव्यात. आणि ती भाजी शिजली की पहिला वाटा जिने ती निवडली, चिरली आणि शिजवली तिच्यासाठी बाजूला काढून ठेवावा.